निळव्यापासून मणापर्यंत : घातांकांचा गुणाकार

घरची शाळा

सातवीच्या गणितात ‘घातांक’ नावाचा धडा येतो. धडा काही फार मोठा नाही. पण सहावीपर्यंत बेरीज-वजाबाकी, त्रैराशिक, शेकडेवारी बरी करणारी पुष्कळ पोरे या धड्यापाशी अडखळतात. पोर एकदा ‘मला गणित येत नाही’ म्हणू लागले, की आठवीचे बीजगणित, दहावीची परीक्षा, पुढे आय.टी.आय. किंवा तंत्रनिकेतनाची वाट, सगळेच अवघड होत जाते. त्यातून मुलगी असेल तर ‘राहू दे, तिला कुठे हिशेब करायचेत’ म्हणणारेही घरात कोणी तरी निघते. म्हणून आजचे हे सदर मुलांइतकेच आईबापांसाठी आहे. बाप चौथी शिकलेला असो, आई शाळेत गेलेलीच नसो. या धड्याचे मर्म आपल्या कोठीच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या पडून आहे. ते बाहेर काढायचे, एवढेच काम.

घात म्हणजे दगा नव्हे

‘घात’ म्हटले की आपल्याला विश्वासघात आठवतो. गणितातला घात मात्र गरीब आहे. जुन्या गणितात घात म्हणजे गुणाकार. एकच संख्या पुनःपुन्हा घेऊन गुणाकार केला, की तो तिचा घात.

२ × २ × २ असे लिहायचे असेल तर २ हा अंक मोठा लिहितात आणि त्याच्या उजव्या खांद्यावर बारीक ३ लिहितात. वाचताना म्हणायचे ‘२ चा ३ रा घात’. खालची मोठी संख्या तो पाया, खांद्यावरची बारीक संख्या तो घातांक. पाया सांगतो कोणाला गुणायचे. घातांक सांगतो तो किती वेळा मांडायचा. खांद्यावर बारीक आकडा लिहिण्याची ही पद्धत फ्रान्समधल्या देकार्त या गणितज्ञाने १६३७ साली छापलेल्या पुस्तकातून रूढ झाली.

पहिली चूक इथेच होते. २ चा ३ रा घात म्हणजे दोन त्रिक सहा, असे पोर पटकन सांगते. त्याला रागावू नका. ‘मांडून दाखव’ म्हणा. २ × २ × २ असे त्याने स्वतः मांडले, की दोन दुणे चार आणि चार दुणे आठ हे त्यालाच दिसते.

कोठीतली मापे

आजी-आजोबांना विचारा, धान्य मोजायची जुनी मापे कोणती होती. ते बोटांवर सांगतील. दोन निळव्यांचे एक कोळवे. दोन कोळव्यांचे एक चिपटे. दोन चिपट्यांचे एक मापटे. दोन मापट्यांचा एक शेर. दोन शेरांची अधोली, म्हणजे अर्धी पायली. दोन अधोल्यांची पायली.

बघा, प्रत्येक पायरीला दुप्पट! १९५६ च्या कायद्यानंतर मीटर-किलोग्रॅम-लिटर आले आणि ही मापे बाजारातून गेली. पण कित्येक घरांत चिपटे, शेर आणि पायली अजून असतील. आता निळवे हे एक धरून कोष्टक मांडा :

निळवे : १
कोळवे : २, म्हणजे २ चा १ ला घात
चिपटे : ४, म्हणजे २ चा २ रा घात
मापटे : ८, म्हणजे २ चा ३ रा घात
शेर : १६, म्हणजे २ चा ४ था घात
अधोली : ३२, म्हणजे २ चा ५ वा घात
पायली : ६४, म्हणजे २ चा ६ वा घात

घातांक म्हणजे निळव्यापासून किती पायऱ्या चढलो त्याचा आकडा. आणि निळव्यापाशी आपण एकही पायरी चढलेलो नाही, म्हणून निळवे म्हणजे २ चा शून्यावा घात, आणि त्याची किंमत १. ‘कोणत्याही संख्येचा शून्यावा घात १ कसा?’ हा प्रश्न मुलांना फार छळतो. (पाया स्वतः शून्य नसावा, एवढीच अट.) शून्य पायऱ्या चढलो तरी हातात एक निळवे आहेच, हे कोष्टक पाहून ती समजतात.

गुणाकार कसा होतो

आता मुख्य गोष्ट. जुन्या शालेय कोष्टकात १६ पायल्यांचा एक मण आहे. (काही भागांत बारा पायल्यांचाही मण धरीत. आपल्या गावात किती होता, ते वडीलधाऱ्यांना विचारा.) मग एका मणात निळवी किती?

एका पायलीत निळवी ६४, म्हणजे २ चा ६ वा घात. एका मणात पायल्या १६, म्हणजे २ चा ४ था घात. दोहोंचा गुणाकार करायचा. मोठा गुणाकार करण्याआधी नुसते मांडा. पायलीसाठी दोन सहा वेळा मांडले. मणासाठी आणखी चार वेळा मांडले. मध्ये गुणिलेचे चिन्ह आहेच. आता ओळीत दोन किती वेळा आला? सहा आणि चार, दहा वेळा. म्हणून उत्तर २ चा १० वा घात. हवे तर ताळा पाहा : ६४ × १६ = १०२४; आणि दोनाची दुप्पट करीत दहाव्या पायरीवर गेलात तरी १०२४.

हाच नियम. पाया तोच असेल, तर घातांचा गुणाकार करताना पाया तसाच ठेवायचा आणि घातांकांची बेरीज करायची. निळव्यापासून पायलीपर्यंत सहा पायऱ्या, पायलीपासून मणापर्यंत चार. एकूण चढण दहा पायऱ्यांची. जिन्याच्या पायऱ्या आपण मिळवतो, गुणत नाही.

आता २० मणांची खंडी घ्या. २० म्हणजे २ × २ × ५, म्हणजे २ चा २ रा घात गुणिले ५. म्हणून खंडीत २ चा १२ वा घात गुणिले ५ एवढी निळवी. दोनाचे घात एकमेकांत मिसळले, पण ५ वेगळा राहिला. तो दोनाच्या घातात मिसळत नाही, कारण त्याचा पायाच वेगळा. ४०९६ × ५ = २०,४८०. ज्वारीत तूर मिसळली तरी तुरीची ज्वारी होत नाही, तसेच हे.

हेच पान घडी घालून पाहा

जुनी मापे घरात नसतील तर हा अंक वाचून झाल्यावर त्याचे एक पान घ्या. मधोमध घडी घाला; दोन थर झाले. पुन्हा घडी घाला, चार. दोन घड्या म्हणजे २ चा २ रा घात. आता इथे थांबा आणि पोराला विचारा, ‘आणखी तीन घड्या घातल्या तर थर किती?’ काही मुले सात-आठ सांगतील, काही बारा सांगतील. मग घड्या घाला आणि पान उलगडा. घड्यांच्या रेघांनी पडलेले चौकोन मोजा : ३२. चार थरांतल्या प्रत्येक थराचे आठ झाले, ४ × ८ = ३२. घड्या मात्र २ + ३ = ५ झाल्या. थरांचा गुणाकार, घड्यांची बेरीज. हे एकदा हाताने केले, की नियम पाठ करावा लागत नाही.

मुले कुठे चुकतात

चुका ठरावीक असतात. २ चा ३ रा घात गुणिले २ चा ४ था घात हे उदाहरण घेऊ. खरे उत्तर २ चा ७ वा घात, म्हणजे ८ × १६ = १२८.

एक : पायांचाही गुणाकार करून ४ चा ७ वा घात लिहितात. ते होतात १६,३८४. कुठे १२८ आणि कुठे सोळा हजार!

दोन : घातांकांचा गुणाकार करून २ चा १२ वा घात लिहितात. ते होतात ४०९६.

तीन : मध्ये गुणिले नसून अधिक असले तरी घातांक मिळवतात. ८ + १६ म्हणजे २४. तिथे हा नियम लागत नाही. बेरजेत आधी प्रत्येक घाताची किंमत काढायची, मग मिळवायचे.

चार : ५ गुणिले ५ चा ३ रा घात, यात पहिल्या ५ च्या खांद्यावर काही नाही, म्हणून त्याचा घातांक शून्य धरतात. खांदा मोकळा दिसला तरी ५ एकदा मांडलेला आहेच. त्याचा घातांक १. उत्तर ५ चा ४ था घात.

चारही चुकांवर औषध एकच. लांबलचक मांडून दाखवायचे आणि लहान आकड्यांनी ताळा पाहायचा. घाईने सांगितलेला नियम आठ दिवसांत विसरतो. मांडून पाहिलेला राहतो. म्हणून शिक्षकांनीही नियम फळ्यावर आधी लिहू नये. चार-पाच उदाहरणे मांडून घ्यावीत आणि ‘तुम्हाला काय दिसते?’ असे विचारावे. नियम मुलांच्या तोंडून आला की तो त्यांचा होतो.

भास्कराचार्यांच्या भाषेत

हा घोटाळा आजचा नाही, आणि आपल्या पूर्वजांनी त्यावर शब्दांतच तोड काढली होती. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ ११५० साली लिहिली. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे. आपल्या जुन्या गणितात दुसऱ्या घाताला वर्ग म्हणत, तिसऱ्याला घन. वर्ग आणि घन यांचा गुणाकार झाला तर त्याला ‘वर्गघनघात’ म्हणत, म्हणजे पाचवा घात. आणि वर्गाचाच घन केला तर तो ‘वर्गघन’, म्हणजे सहावा घात. शेवटी ‘घात’ शब्द आला की मिळवा. नसेल तर गुणा.

दोनावर करून पाहा. वर्ग ४, घन ८. गुणाकार ३२, म्हणजे पाचवा घात. आता वर्गाचा, म्हणजे ४ चा, घन करा : ४ × ४ × ४ = ६४, म्हणजे सहावा घात. आजची मुले ज्या दोन नियमांत गोंधळतात, ते दोन्ही या दोन शब्दांत सांगून ठेवले आहेत.

शंभर हजारांचा लाख

दहाचे घात तर आपण रोज बोलतो. शंभर म्हणजे १० चा २ रा घात, हजार म्हणजे ३ रा, लाख म्हणजे ५ वा, कोटी म्हणजे ७ वा. शंभर हजारांचा लाख होतो : दोन आणि तीन, पाच. शंभर लाखांचा कोटी होतो : दोन आणि पाच, सात. शाळेत न गेलेली आजीही हे बरोबर सांगते. नियम तिला येतो; त्याला नाव आहे, एवढेच तिला कोणी सांगितलेले नसते.

आता सातबारा काढा. क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये लिहिलेले असते. एका आरात १०० चौरस मीटर, एका हेक्टरात १०० आर. म्हणून हेक्टरात १० चा २ रा घात गुणिले १० चा २ रा घात, म्हणजे १० चा ४ था घात : दहा हजार चौरस मीटर. पोराने पायांचाही गुणाकार केला, तर ते १०० चा ४ था घात लिहील. ते होतात दहा कोटी चौरस मीटर, म्हणजे १०० चौरस किलोमीटर!

ही चूक केवढी, ते नवी मुंबईवरून कळेल. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको १७ मार्च १९७० रोजी स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांची भातशेते, मिठागरे आणि मोकळ्या जमिनी या शहराच्या आखणीत आल्या. सारे क्षेत्र सुमारे ३४४ चौरस किलोमीटर. म्हणजे पोराच्या चुकीच्या हिशेबाने साडेतीन शेतकऱ्यांच्या एकेक हेक्टरात अख्खी नवी मुंबई बसली!

हसण्यावारी नेऊ नका. त्या ९५ गावांतल्या घरांना चौरस मीटर, टक्के आणि भाव यांचे हिशेब फार कठीण काळात शिकावे लागले. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या लढ्याचे फळ म्हणून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा, आणि आठ म्हणजे २ चा ३ रा घात. म्हणजे एक हेक्टर तीनदा निम्मा करायचा : १०,००० चे ५०००, मग २५००, मग १२५० चौरस मीटर. सार्वजनिक सोयींसाठीची वजावट त्यातून निराळी. ज्या घरात हा हिशेब करणारे एक तरी पोर होते, त्या घराला कागदावर सही करण्याआधी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागले नाही. आज घणसोली, तुर्भे किंवा जासईच्या घरातले सातवीतले पोर घातांक शिकते, तेव्हा त्याच्या आजोबांच्या जमिनीचाच हिशेब ते शिकत असते.

वाशीचा खाडीपूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ साली ते सुरू झाले, आणि सुरुवातीच्या वर्षांत त्याने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांतून काम केले. व्ही. जी. कुलकर्णी यांच्यासारख्या तिथल्या जाणत्यांनी पुस्तकांच्या अवघड भाषेकडे लक्ष वेधले. भाषा सोपी केली तर विषय मुलांच्या हाती लागतो, असे त्यांचे सांगणे होते. पायली आणि घडी यांतून घातांक शिकवायचा तो याचसाठी.

कर्जाच्या पायऱ्या

आईबापांसाठी एक हिशेब. दरसाल १२ टक्के चक्रवाढ व्याजाने कर्ज सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट होते. बारा वर्षांत दुपटीची दुप्पट, म्हणजे चौपट. अठरा वर्षांत आठपट. अठरा वर्षे झाल्यावर आणखी बारा वर्षे ते तसेच राहिले तर? २ चा ३ रा घात गुणिले २ चा २ रा घात, म्हणजे ५ वा घात, बत्तीसपट. बारकाईने हिशेब केला तर सुमारे तीसपट भरते. पुष्कळांचा अंदाज ‘आठ आणि चार, बारापट’ असा असतो. याच फरकात घर बुडते. उलट, हाच गुणाकार शिलकीच्या बाजूला लागला तर घर तरते.

घरी करून पाहा

१. ३ चा २ रा घात गुणिले ३ चा ३ रा घात किती?
२. १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे होते. दोनाचे घात वापरून एका रुपयाचे पैसे काढा.
३. भाताच्या एका दाण्यापासून समजा एक हजार दाणे मिळाले. ते सगळे पेरले आणि प्रत्येकाचे पुन्हा हजार झाले, तर दाणे किती?
४. २ चा ३ रा घात गुणिले ५ चा २ रा घात. घातांक मिळवता येतील का?
५. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जमीन. ३३ म्हणजे ३ × ११ हे लक्षात घेऊन गुंठ्याचे चौरस फूट काढा.

उत्तरे : (१) ३ चा ५ वा घात, २४३. (२) २ चा ४ था घात गुणिले २ चा २ रा घात = २ चा ६ वा घात, ६४ पैसे; पायलीत जेवढी निळवी तेवढेच! (३) १० चा ६ वा घात, दहा लाख. (४) नाही, पाये वेगळे आहेत; ८ × २५ = २००. (५) ३ चा वर्ग गुणिले ११ चा वर्ग = ९ × १२१ = १०८९.

पाचही उदाहरणे पोराने तुम्हाला समजावून सांगावीत, असा आग्रह धरा. तुम्हाला येत असली तरी ‘आम्हाला कळले नाही, पुन्हा सांग’ म्हणा. दुसऱ्याला सांगताना ज्याची जीभ अडत नाही, त्याला ते आले असे समजावे.

पुढील अंकी मणावरून पुन्हा पायलीकडे उतरू, म्हणजे घातांकांचा भागाकार पाहू. तोवर कोठीतले चिपटे-मापटे घासूनपुसून ठेवा.